हार्डनॉटचा घाट, दोन वास आणि एक महागडा सायलेन्सर

इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे तळ्या-डोंगरांच्या भागात, जुन्या, कापडी टपाच्या गाडीतून जाणार असाल तर आदल्या आठवड्यात एक करा. रात्री अंधारात गाडी उभी करा, डिकीत टॉर्च लावून ठेवा आणि झाकण बंद करा. बाहेरून कुठेही उजेडाची रेघ दिसली तर तिथून धूर आत येणार, बुकिंग पुढे ढकला. मला हे कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं ते एवढंच, "या गाड्यांना थोडा वास असतोच, सर." या वाक्याचे आणि एका नव्या सायलेन्सरचे मिळून गॅरेजने ४१० पौंड घेतले.

गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश बनावटीची दोन सीटची स्पोर्ट्स कार. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे पार्ट अजूनही सहज मिळतात. सोबत मेव्हणा. साताऱ्याहून महिनाभरासाठी आलेला, घरी जुनी बुलेट, आणि नाक कुत्र्याचं. गाडी माझ्या हातात असली तरी या प्रवासाचा खरा नायक ते नाक आहे.

बर्मिंगहॅम सोडलं तसा एम-सिक्स महामार्गावर पाऊस लागला. टप चढवला आणि तासाभरात गाडीत जळका, डोळ्यांना झोंबणारा वास भरला. मी शहाणपणा करून माझ्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली. वास वाढला. लँकेस्टरच्या सर्व्हिसेसला, म्हणजे महामार्गावरच्या थांब्याला, त्या षटकोनी मनोऱ्याखाली थांबलो तेव्हा दोघांचीही डोकी ठणकत होती. तिथे चहा पिताना पहिल्यांदा भीती वाटली. धुराला निदान वास तरी असतो, त्याच्यासोबत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला अजिबात नसतो. बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म मिळतो, तो घ्या. मी आता डॅशखाली अडकवलाय.

काच उघडल्यावर वास का वाढला, ते घरी परतल्यावर नीट कळलं. गाडी वेगात असली की तिच्या पाठीमागे हवेची पोकळी तयार होते आणि धूर तिथेच घोटाळत राहतो. काचेच्या फटीतून आतली हवा बाहेर ओढली जाते, आणि तिची जागा भरायला मागचा धूर डिकीच्या सीलमधून, दिव्यांच्या गॅस्केटमधून, वायरिंगच्या भोकांतून आत येतो. म्हणजे धूर मागून पुढे येतो, आणि आपण शोधत बसतो इंजिनाकडे. उपाय उलटा आहे. काचा पूर्ण बंद ठेवा आणि ताज्या हवेचा व्हेंट पूर्ण उघडा, म्हणजे हवा पुढून आत ढकलली जाते. पण बॉनेटच्या मागच्या कडेचं रबर जागेवर असेल तरच. ते नसेल तर त्याच व्हेंटमधून इंजिनाची वाफ नाकात येते.

आणि तो ४१० पौंडांचा सायलेन्सर? त्याची शेपटी बंपरच्या आतच संपत होती! जुन्याची बंपरच्या बाहेर दोन बोटं डोकावायची. म्हणजे पैसे मोजून मी धूर डिकीच्या आणखी जवळ आणून सोडला होता.

विंडरमियरला दोन दिवस होतो. छान आहे, बोटी आहेत, फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

आता हार्डनॉट. उंची ३९३ मीटर. मेव्हणा हसलाच, अजिंक्यतारा याच्या दुपटीहून उंच आहे म्हणाला. पण चढ ठिकठिकाणी तीनास एक आहे, म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर, रस्ता एका गाडीपुरता, कठडा नाही, आणि वळणं अशी की बॉनेटपुढे फक्त आकाश दिसतं. ॲम्बलसाइडहून लिटल लँगडेल, तिथून रायनोजचा घाट, उतरून कॉकली बेक आणि मग हा. निघताना मी मूर्खासारखी टाकी काठोकाठ भरली. ऊन पडलं होतं, टप खाली होता, रायनोज आरामात चढलो, मी खुशीत होतो.

हार्डनॉटच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, ह्यो धूर न्हाई. पेट्रोल हाय."

समोरून एक भाड्याची एसयूव्ही उतरत आली. चढणाऱ्याला वाट द्यायची असते हे तिला ठाऊक नव्हतं. थांबलो. हँडब्रेक ओढला तरी गाडी इंच इंच मागे सरकत होती. मेव्हणा उडी मारून उतरला आणि मागच्या चाकाला दगड लावला. इंजिन बंद केलं, इग्निशन पूर्ण बंद केलं, कारण नाहीतर इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलतच राहतो. बॉनेट उघडलं. पुढच्या कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीच्या टोकाशी थेंब जमत होता, फुगत होता, सुटत होता. एमजीबीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला, डावीकडे. थेंब पडत होता तिथून गरम पाइप वीतभरही दूर नव्हता. वास आधी मेव्हण्याला आला तो उगाच नाही. स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे डावीकडे तो बसला होता.

त्याने स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या डब्याच्या, झाकणावर टकटक केलं. बुलेटवर तो हेच करतो. पेट्रोल अडवणाऱ्या नीडलमध्ये अडकलेला कण सुटला असावा. थोडा वेळ पंप चालू करून पाहिलं, थेंब थांबला होता. सगळं वाळेपर्यंत अर्धा तास तिथेच बसलो. एसयूव्हीवाल्यांनी आमचे फोटो काढले.

पलीकडे पहिल्या गिअरमध्ये उतरलो. रोमन किल्ल्याचे अवशेष वाटेत आहेत, मी पाहिले नाहीत, माझी नजर रस्त्यावर आणि नाक बॉनेटवर होतं. खाली पहिलं गाव लागतं त्याचं नाव बूट. इंग्लंडात डिकीला बूटच म्हणतात, आणि बूटमध्ये आम्ही बूट रिकामा केला. टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं. काठोकाठ टाकी आणि गाडीचं तोंड वर, त्यामुळे तिथूनही पाझरलं होतं. झाकणाखाली बंपरपर्यंत ओला ओघळ होता. इंजिनाकडचा रबरी पाइप वाकवला तर सुरकुत्यांत बारीक भेगा दिसल्या. इथे सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालंय, आणि जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही. मेव्हणा म्हणाला, आमच्याकडं ई२० हाय, मी पाइप कवाच बदललेत.

तर मागाहून जाणाऱ्यांसाठी. वास एक नसतो, दोन असतात, आणि दोन्ही एकदम शोधायला गेलात की माझ्यासारखे फसता. कच्च्या पेट्रोलचा वास गाडी उभी असताना, टाकी भरल्यावर किंवा चढावर येतो. त्यासाठी टाकीचं झाकण, भरायच्या नळीचं रबर, टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या गेजच्या सेंडरचं सील, सगळे पाइप आणि कार्बोरेटर, याच क्रमाने पाहा. नवा पाइप घेताना त्यावर आर९, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या पाइपाची खूण, छापलेलं आहे का बघा. धुराचा वास टप चढवल्यावर आणि वेगात येतो, त्याचा शोध डिकीपासून. सीलला टाल्कम पावडर लावून झाकण बंद करा. झाकणावर जिथे पावडर उमटत नाही तिथे फट. मग पुढे, इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डपाशी. जोडाला काजळी दिसली किंवा थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू आली तर गॅस्केट गेलंय. उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते पाहा, असंही लोक सुचवतात. पेट्रोल गळत असलेल्या गाडीजवळ उदबत्ती लावणाऱ्याला मी नमस्कार करतो, लांबून.

हार्डनॉटला सकाळी आठच्या आत चढा, टाकी अर्धी ठेवा, आणि चाकाला लावायला लाकडी ठोकळा न्या, दगड दरवेळी हाताशी नसतो.

परतताना डिकीच्या कडेला चौफेर चिकटपट्टी मारली, काचा बंद, व्हेंट उघडा. लँकेस्टरला दोघंही ठणठणीत होतो. पुढे डिकीचं सील १८ पौंड, टाकीच्या झाकणाचं रबर, पाइप आणि नीडल धरून सगळा खर्च ७० पौंडांच्या आत आणि दोन रविवार. शेपटीला नळीचा तुकडा जोडला.

जुना सायलेन्सर मी गॅरेजमधून मागून आणला. ठोकून पाहिला, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिला, उन्हाकडे धरून पाहिला. त्याला एकही भोक नाही.