बीकन हिलच्या विटा आणि आईचे गुडघे

आई ऑक्टोबरमध्ये आली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "ते तुझं म्युझियम वगैरे राहू दे. इथली जुनी श्रीमंत माणसं कुठे राहतात ते दाखव आधी." ठाण्यातही तिचं हेच. कुठल्याही गावी गेलो की देवळाआधी बंगले बघून घ्यायचे. रविवारी सकाळी केंब्रिजहून रेड लाइन मेट्रोने नदी ओलांडून बॉस्टनच्या चार्ल्स स्ट्रीटला उतरलो आणि बीकन हिल चढायला लागलो.

चढायला कसलं, अडखळायला लागलो. बॉस्टनच्या या टेकडीवरचे फूटपाथ विटांचे आहेत. झाडांच्या मुळांनी कुठे उचललेले, कुठे पावसाने खचलेले. आईने दहा मिनिटांत निकाल दिला, "एवढा पैसा आहे, तर फरशी नीट बसवून घेता येत नाही?"

खरं तर बसवून द्यायला पालिका तयार होती, या लोकांनीच नको म्हटलं. 1947 मध्ये विटा उखडून सिमेंट घालायला कामगार आले, तेव्हा वेस्ट सीडर स्ट्रीटवरच्या बायका सरळ विटांवर ठाण मांडून बसल्या. विटा राहिल्या. 1955 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला आणि टेकडीचा दक्षिण उतार संरक्षित झाला; उत्तरेकडच्या उताराला हे संरक्षण मिळायला आणखी काही वर्षं गेली. आता रस्त्यावरून जे जे दिसतं, म्हणजे दार, खिडकी, कठडा, बाहेरचा रंग, ते बदलायचं तर त्यासाठी नेमलेल्या आयोगाची मंजुरी लागते. सोसायटीच्या सभेत बाल्कनीच्या ग्रिलवरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कल्पना येईल. फरक इतकाच, की इथे त्याला कायद्याचं बळ आहे.

मला हा हट्ट आवडतो, पण सगळाच नाही. 2014 मध्ये पालिका चौकाचौकात व्हीलचेअरसाठी उतार आणि अंधांना पायाखाली कळाव्यात अशा खडबडीत पट्ट्या बसवायला लागली, तेव्हा तिथली रहिवासी संघटना ते साहित्य वस्तीला शोभत नाही म्हणून न्यायालयात गेली. माझ्या दंडाला धरून एकेक पाऊल टाकणाऱ्या आईला मी हे सांगितलं नाही. तिचं मत मला ऐकायचं नव्हतं.

पण वर पोचल्यावर ती गप्प झाली हे खरं. लाल विटांची, एकमेकींना खेटून उभी असलेली तीन-चार मजली घरं, दाराशी बुटांचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी, आणि भर दिवसा जळणारे गॅसचे दिवे. बीकन स्ट्रीटवरच्या काही घरांच्या खिडक्यांना जांभळ्या काचा आहेत. ती मुळात चूक. 1818 ते 1824 च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या काचेत मँगनीज जास्त होतं, उन्हाने ती हळूहळू जांभळी पडली. आज तीच खानदानाची खूण झाली आहे आणि फुटली की घरमालकाला रडू येतं. एकॉर्न स्ट्रीट नावाची बोळ तर इंस्टाग्रामवाल्यांनी भरलेली असते. नदीतल्या गोट्यांची फरसबंदी, जेमतेम एक गाडी जाईल एवढी रुंदी. तिथे पूर्वी मोठ्या घरांचे गाडीवान राहत. गाडीवानाच्या त्या घराला आज दशलक्ष डॉलरांत किंमत मोजावी लागते.

आईला घरांपेक्षा जमिनीची गोष्ट जास्त भावली. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा सगळा माळ होता, आणि त्यातला मोठा तुकडा, साधारण 18 एकर, चित्रकार जॉन सिंगलटन कॉप्लीचा. तो राहायला लंडनला. राज्याचं नवं सभागृह कुठे बांधायचं ते ठरवणाऱ्या समितीत हॅरिसन ग्रे ओटिस नावाचा तरुण वकील होता. जागा टेकडीवरच ठरली, आणि ओटिस व त्याच्या भागीदारांनी 1795 मध्ये शेजारची कॉप्लीची जमीन घेऊन टाकली. कॉप्लीला उशिरा कळलं. व्यवहार मोडायला त्याने खूप धडपड केली, जमलं नाही.

"म्हणजे रिंगरोड कुठून जाणार ते आधी कळलेला माणूस," आई म्हणाली. तंतोतंत.

मग भागीदारांनी टेकडीच कापायला घेतली. उतारावर रूळ टाकले. भरलेल्या गाड्या आपल्या वजनाने खाली जात आणि रिकाम्यांना वर ओढत. ती माती खाली नदीकाठच्या दलदलीत टाकली, चार्ल्स स्ट्रीट त्याच भरावावर उभा आहे. पुढे मुख्य शिखरही साधारण 60 फुटांनी खाली आलं. सभागृह बांधणारा वास्तुविशारद चार्ल्स बुलफिंच. त्याने ओटिससाठी एकामागोमाग तीन घरं बांधली, आणि तिन्ही आज उभी आहेत.

इथल्या खानदानी कुटुंबांना काय म्हणतात हे सांगितल्यावर आई रस्त्यातच थांबली. बॉस्टन ब्राह्मिन. 1860 मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने हे नाव दिलं. पिढ्यान् पिढ्या विद्या जपणारी घराणी, असा त्याचा रोख होता. पुढे ते नाव पैसा, जुनं घर आणि आपसातली लग्नं यांना चिकटलं. "आपल्याकडून उचलायला यांना दुसरं काही मिळालं नाही?" आई म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही.

विद्या होतीच, पण घरं बांधली ती व्यापारावर. काहींचा पैसा चीनच्या चहातून आला, अफूतूनही आला. बीकन स्ट्रीटच्या 39 नंबरात राहणारा नेथन ॲपलटन कापडगिरण्यांचा मालक. त्या गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेत गुलामांच्या हातांनी वेचला जाई.

आणि याच टेकडीच्या पाठीला, उत्तर उतारावर, स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वस्ती होती. न्हावी, शिंपी, खलाशी, मोलकरणी. दोन्ही उतारांना जोडणारे रस्ते आजही मोजकेच आहेत आणि चढ संपता संपता घरं बारीक होत जातात. तिथल्या आफ्रिकन मीटिंग हाउसची इमारत 1806 ची, 1832 मध्ये विल्यम लॉइड गॅरिसनने गुलामगिरीविरोधी संस्था स्थापली ती तिथेच. जरा पुढे फिलिप्स स्ट्रीटवर 66 नंबरचं घर लुइस आणि हॅरिएट हेडन यांचं. लुइस स्वतः केंटकीतून पळून आलेला गुलाम. कपड्यांचं दुकान चालवायचा, आणि घरात पळून आलेल्यांना लपवायचा. विल्यम आणि एलन क्राफ्ट हे जोडपं इथे आसऱ्याला होतं. एलनने गोऱ्या मळेवाल्याचा वेश घेतला होता आणि नवरा तिचा नोकर झाला होता. असे ते जॉर्जियातून निसटले होते. पकडायला कोणी आलं तर उडवून देईन म्हणून हेडन दाराशी बंदुकीच्या दारूचं पिंप ठेवायचा, असं सांगतात.

पर्यटकांची रांग एकॉर्न स्ट्रीटला होती. फिलिप्स स्ट्रीटवर आम्ही दोघी आणि कचऱ्याचे डबे. आई त्या घराच्या समोरच्या पायरीवर बसली, गुडघे चोळत बराच वेळ दाराकडे बघत राहिली.

परतताना बीकन आणि जॉय स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची द टुडर ही उंच इमारत दाखवली. त्या जागी फ्रेडरिक टुडरचा वाडा होता. हा बर्फाचा व्यापारी. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापायच्या, भुशात बांधून जहाजात भरायच्या. 1833 च्या मे महिन्यात त्याने 180 टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांनी पोचला तेव्हा 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे हा बर्फ मुंबईलाही जायला लागला, साठवायला तिथे खास बर्फघर बांधलं गेलं.

आईने यावर साफ अविश्वास दाखवला. इथून बर्फ? मुंबईला? शिडाच्या जहाजातून? घरी येईपर्यंत ती वितळण्याचा हिशेब करत होती.

जानेवारीत आमच्या केंब्रिजमधलं फ्रेश पाँड गोठलं. टुडरचा बर्फ ज्या तळ्यांतून निघायचा त्यातलं हे एक, आता शहराच्या पिण्याच्या पाण्याचं. भोवती लोक कुत्री घेऊन फिरत असतात. कानटोपी, त्यावर माझी शाल, अशा थाटात आई कुंपणापाशी उभी राहिली. खाली वाकून कडेच्या डबक्यावरची बर्फाची एक लादी तिने उचलली, नखाने टोकरली.

"टणक आहे," म्हणाली. "पोचला असेल."