टॉक शो तरुणांचा, पण कोणत्या?

"बर्नआउट आला की कुठं पळता? गोवा की हिमाचल?" अँकरनं विचारलं. सोफ्यावरची पोरं खिदळली.

पुतणी लातूरला मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा रिपीट करतेय, सुट्टीला आलीय. बायोलॉजीच्या नोट्समधून मान वर न करता म्हणाली, "काका, आम्ही मेसला जातो."

नवा शो, म्हणे 'खास तरुणांसाठी'. दिवे झकास, अँकरही चुणचुणीत आहे, खोटं कशाला बोला. पण तासभरात पोलीस भरती नाही, एमपीएससी नाही, रूमचं भाडं नाही. शेती करतो म्हणून सोयरीक जमत नसलेला पोरगा तर लांबच. नुसतं ब्रेकअप अन् रील्स.

१९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात रस्त्यावर उतरले ते इथले विद्यार्थीच. आजची पोरंही बोलतात हो, पारावर, लायब्ररीच्या पायऱ्यांवर. एखादा भाग नांदेड-परभणीच्या कॉलेजात शूट करायला कितीसा खर्च येतो?