आंब्याच्या पेट्यांमागची फॉर्म्युला मारुती

काकींच्या बागेत मी गेलो होतो फवारणीचा पंप दुरुस्त करायला. रत्नागिरीजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. बागायतदारांचे एचटीपी पंप, ग्रासकटर, पाण्याच्या मोटारी, हे रोजचं काम. पंपाचा एक जुना पट्टा शेडमध्ये पडलेला असेल म्हणून काकींनी कडी काढून दिली. आत आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या आढ्यापर्यंत रचलेल्या, आणि त्यांच्यामागे गोणपाटाखालून एक लांबट नाक बाहेर आलेलं. गोणपाट उचललं तर चार उघडी चाकं, एकाच माणसाची बैठक आणि बैठकीच्या पाठीमागे इंजिन.

"यांची शर्यतीची गाडी," काकी म्हणाल्या. "भंगारवाला वीस हजार देतोय. चालती करणार असशील तर तेवढ्यातच ने. करणार नसशील तर हात लावू नकोस."

नव्वदच्या दशकात काका मद्रासकडे शर्यतींना जायचे हे गावाला ऐकून माहीत होतं. गाडी मात्र आम्ही कुणी बघितली नव्हती. ती फॉर्म्युला मारुती होती. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी ही गाडी घडवली, आणि त्यामागचा त्यांचा विचार मला आजही मोठा वाटतो: परदेशी गाडी परवडत नाही ना, मग मारुती ८००चं इंजिन घ्या, नळ्यांची चौकट बनवा, वर फायबरचं कवच घाला आणि शर्यत खेळा. १९९५ साली करिवर्धन विमान अपघातात गेले. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने उभा आहे. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयनही आपली पहिली शर्यत फॉर्म्युला मारुतीतच धावला. असली गाडी भंगारात गेली असती तर माझ्या जिवाला ते कायम लागून राहिलं असतं.

घरी बायकोशी बोललो. गाडीची किंमत धरून दीड लाख, त्यापुढे नाही, असं ठरलं. व्यवहार स्टॅम्पपेपरवर लिहून घेतला. या गाडीला नंबर नाही, आरसी नाही, कधी नव्हतीच. ती रस्त्यावर चालवायची गाडीच नाही. छोट्या हत्तीवर चढवून, वर ताडपत्री बांधून घरी आणली आणि खळ्यात उतरवली.

पहिली चूक मी लगेच केली. इंजिन हा माझा विषय, म्हणून आधी इंजिन उघडायला बसलो. जीव धरून ठेवणारी वस्तू होती ती चौकट, आणि तिच्याकडे मी दोन महिने नुसता वरवर बघत होतो. रंग बरा दिसत होता. एक दिवस खालच्या नळीवर पाना सांडला आणि आवाज बद्द आला. मग लहान हातोडी घेऊन सगळी चौकट वाजवत गेलो. वरच्या नळ्या टणटण वाजत होत्या, जमिनीलगतच्या दोन्ही लांब नळ्या मुक्या. तीन मिलिमीटरचं भोक पाडलं तर आतून तांबडी पूड गळायला लागली, मिसरीसारखी.

आपल्याकडचा गंज असाच असतो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ बारीक फटीतून नळीत शिरतं, हवेतला ओलावा ओढून धरतं, आणि लोखंड आतून खात राहतं. बाहेरून कितीही घासा, कळत नाही. बंदरात एक मित्र जहाजांच्या पत्र्याची तपासणी करतो. त्याच्याकडे जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असतं. एका रविवारी तो ते घेऊन आला. रंग खरवडायचा, जेल लावायचं, टोक टेकवायचं, आकडा वाचायचा. १६ गेजची नळी म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. वरच्या नळ्यांत १.५ मिळत होते. खाली १.१, ०.९, आणि एका कोपऱ्यात आकडाच येईना. मित्र म्हणाला, "जहाजाचा पत्रा असता तर मी पास केला नसता." त्या वाक्यावर इंजिनाचं काम बंद केलं.

नळ्या बदलायच्या तर वेल्डिंग चांगलं हवं. आमच्याकडे आंब्याचा पल्प काढणारे कारखाने आहेत. त्यांच्या स्टीलच्या टाक्या जोडणारे कारागीर टिग वेल्डिंगमध्ये तरबेज. त्यांच्यातलाच मिरजोळे एमआयडीसीतला एक दादा सुट्टीच्या दिवशी यायला तयार झाला. जुनी नळी कापण्याआधी चौकट सपाट टेबलावर पक्की आवळायची असते, हे त्याने बजावलं होतं. मी लाकडी ठोकळ्यांवर भागवलं. पहिली नळी जोडून झाल्यावर कर्ण मोजले तर डावा मागचा कोपरा सहा मिलिमीटर सरकलेला. जोड थंड होताना ओढ लागते आणि मोकळी चौकट त्या बाजूला जाते. दादा काही बोलला नाही. ग्राइंडर उचलला आणि स्वतःचाच जोड कापला. पुढच्या रविवारी भंगारातून आणलेल्या दोन आय-बीमवर चौकट आवळली, आधी चारही कोपऱ्यांना टाके मारले, कर्ण मोजले, मग आलटून पालटून समोरासमोरचे जोड पुरे केले. फरक एक मिलिमीटरच्या आत राहिला. एका सांध्याची चूक मला दोन हजारांना पडली, नळी आणि गॅस धरून.

गंज काढताना शिकलो ते इथल्या कुणाच्याही उपयोगी पडेल. घासण्याआधी गोड्या पाण्याने धुवा, तेही दोन-तीनदा. मीठ तसंच ठेवून घासलं की ते धातूत चोळलं जातं आणि प्रायमरखाली पुन्हा फुलतं. दुसरं, घासाल तेवढंच रंगवा. मी उत्साहाने अर्धी चौकट एका संध्याकाळी पांढरी केली आणि सकाळी ती पिवळी झालेली. त्यानंतर हातभर नळी घासायची, थिनरने पुसायची आणि तासाच्या आत बोटींना लावतात तो झिंकचा इपॉक्सी प्रायमर मारायचा, असा क्रम ठेवला. आतून काय करायचं याचं उत्तर जुन्या विमानांत सापडलं. नळ्यांच्या सांगाड्याच्या विमानांत गरम जवसाचं तेल ओतून, घोळवून, परत काढून घेत आणि भोक बंद करत. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल आणलं आणि तेच केलं. आठवडाभर खळ्यात त्याचा वास होता.

इंजिन मग सोपं वाटलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. हेच इंजिन ओम्नीत होतं, आणि ओम्नी २०१९पर्यंत बनत होती, त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं अजून सहज आणि स्वस्त मिळतात. करिवर्धन यांच्या निवडीचा फायदा इतक्या वर्षांनी मला होत होता. इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकातून डिझेल आणि गिअरचं पातळ तेल घालून बारा दिवस थांबलो. दोन पिस्टन सुटले, मधला नाही. तो ठोकून काढला तर सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे खड्डे. ब्लॉक, क्रँक आणि हेड गोणीत बांधून आंबा घाटाने कोल्हापूरला, उद्यमनगरात नेलं. तिथे बोअरिंग करणाऱ्या मामांनी गेज आत फिरवला आणि ०.५० ओव्हरसाइझवर साफ होईल म्हणून सांगितलं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मिलिमीटर, तो ६९ झाला. हेड घासून सपाट केलं, क्रँकला नुसतं पॉलिश पुरलं. मामांनी क्रँकची मजुरी घेतली नाही. "रेसची गाडी आहे तर सुरू झाली की फोनवर आवाज ऐकव," म्हणाले. रत्नागिरीत अशी मशीनं नाहीत असं नाही, पण कोल्हापुरात शर्यतीच्या गाडीचं नाव काढलं की माणसं हातातलं काम ठेवून ऐकतात.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुन्या रबराला मऊ करतं आणि दमट हवेत पाणी ओढून घेतं. कार्ब्युरेटरचं पूर्ण किट घातलं. आता चार दिवस गाडी उभी राहणार असली की टाकी रिकामी करून ठेवतो. वायरिंग अगदी थोडं, एका संध्याकाळचं.

पैसे खरे संपले ते ब्रेक आणि पट्ट्यांवर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरपासून शेवटच्या पाइपापर्यंत काहीच वाचलेलं नव्हतं. ड्रायव्हरला बांधणारे हार्नेसचे पट्टे एका दुकानदाराने मला "नव्यासारखे" म्हणून निम्म्या भावात दिले. घरी येऊन लेबल बघितलं तर मुदत कधीच संपलेली. अशा पट्ट्यांवर मुदत छापलेली असते. उन्हाने, घामाने धागा कमजोर होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्याने पैसे परत दिले नाहीत. ते पट्टे कापून पेट्या बांधायला वापरले आणि नवे घेतले. त्याची भरपाई टायरांत केली. शर्यतीचे टायर न घेता साधे रेडियल चढवले. गाडी आधी फक्त चालवून बघायची होती, तेवढ्याला ते पुरतात.

राहिलं कवच. नाकाचा उजवा अर्धा भाग फुटून गेलेला होता, बाजूंना तडे. फायबर म्हटलं की आमच्याकडे माणूस मोटारीच्या गॅरेजात जात नाही, बंदरावर जातो. मिरकरवाड्यात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांनी तड्यावरून नुसती नखं फिरवली आणि म्हणाले, "आगोटीच्या आधी आण. १ जूनला बंदी लागली की सगळ्या होड्या वर येतील, मला वेळ नाही. आणि पावसात रेझिन नीट पकडत नाही."

होडीचं आणि या गाडीचं काम एकच: तडा दोन्ही बाजूंनी उतरता घासायचा, चिरलेल्या काचधाग्याची मॅट बसवायची, रेझिनमध्ये मोजून कॅटलिस्ट घालायचं, रोलर फिरवून हवेचा प्रत्येक बुडबुडा काढायचा. कॅटलिस्ट जास्त झालं की रेझिन तापून चिरतं, कमी झालं की चिकट राहतं. चाचा उन्हाकडे बघून प्रमाण ठरवत होते. पण फुटलेल्या भागासाठी साचाच नव्हता. डाव्या बाजूचा साचा काढला तर त्यातून पुन्हा डावीच बाजू निघणार. दोन दिवस आम्ही तिथेच अडलो.

वाट सुचली ती आमच्या आळीतल्या गणपतीच्या शाळेमुळे. मूर्तिकार काकांना मे महिन्यात जरा सवड होती. मी डाव्या बाजूचे पुठ्ठ्याचे नऊ छेद कापून दिले. पुठ्ठा उलटा केला की तो उजवीकडचा होतो. काकांनी छेद नाकावर उभे केले, मधे शाडू भरला, आणि मग छेद बाजूला ठेवून नुसत्या हाताने वळण आणलं. जिथे पुठ्ठे काही सांगत नव्हते तिथे ते डावीकडे एक हात ठेवून, डोळे मिटून, उजवा हात फिरवत होते. सोंडेच्या दोन्ही बाजू सारख्या आणणाऱ्या माणसाला हे अवघड नसावं, पण मला ते बघताना अंगावर काटा आला. शाडू वाळल्यावर चाचांनी त्यावर मेण लावून साचा काढला आणि त्यातून उजवं नाक. ३० मेला गाडीला पुन्हा पूर्ण चेहरा मिळाला. पावसाळाभर ती पडवीत झाकून ठेवली.

डिसेंबरमधल्या एका रविवारी, टिगवाल्या दादाच्या ओळखीने, एमआयडीसीतल्या एका बंद प्लॉटचं आवार मिळालं. मालकाची लेखी परवानगी, दोन अग्निशामक, हेल्मेट, आणि गेटवर मित्र उभा. हिशेब तोवर एक लाख अठ्ठावन्न हजारांवर गेला होता. वरचे आठ हजार दोन महिन्यांच्या जादा कामातून फेडले. काकींना रिक्षाने आणलं. चाचा होते, मूर्तिकार काका होते, मामा फोनवर होते.

पहिल्या तीन प्रयत्नांत काही नाही. चौथ्याला इंजिन पेटलं, आणि आवारातल्या शेवरीवरचे कावळे उडाले. मी बसलो, पट्टे आवळले आणि फक्त दुसऱ्या गिअरपर्यंत चार फेऱ्या मारल्या. बूड जमिनीपासून वीतभर अंतरावर, त्यामुळे तीस-चाळीसचा वेगही छातीत जाणवतो. ब्रेक सरळ लागले, चौकट कुठे कुरकुरली नाही. उतरलो तेव्हा चाचा नाकावर हात फिरवत होते, कुठे तडा गेलाय का बघत.

काकी मात्र खुर्चीवरून उठून इंजिनाजवळ आल्या होत्या. मान वाकडी करून ऐकत होत्या. "बंद करू नकोस," म्हणाल्या. "एक चुकतोय."

मी म्हटलं, नवीन पिस्टन आहेत, बसायला वेळ लागतो. त्यांनी मान हलवली. "प्लगच्या टोप्या एकेक काढ. मी काढत असे, हे आत बसलेले असायचे."

हातात रबरी मोजा घालून पहिली टोपी ओढली, इंजिन अडखळलं. परत बसवली. तिसरी ओढली, अडखळलं. मधली ओढली, आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. टोपीच्या आत तार सुटलेली होती. मी ती कापून, सोलून पुन्हा घट्ट बसवली आणि टोपी दाबली. इंजिनाचा सूर एकदम भरला.

"हां," काकी म्हणाल्या, "आता." आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या.