तेलाची बाटली घेऊन अस्तंब्याला

2024च्या जूनअखेर ‘कल्की 2898 एडी’ आला आणि पंधरा दिवसांत पुण्याहून भाच्याचा फोन.

“मामा, तो अश्वत्थामा आपल्याकडे कुठल्या डोंगरावर असतो म्हणून आजी सांगायची?”

आधी हसू आलं, मग थोडा राग. आजी अस्तंब्याची गोष्ट सांगायला बसायची तेव्हा हा पठ्ठ्या कार्टून सोडून हलायचा नाही. आता आजी गेली, आणि अमिताभने कपाळावर जखम घेऊन अंगभर पट्ट्या गुंडाळल्यावर याला डोंगर आठवला.

आजीची गोष्ट तशी दोन ओळींची. सातपुड्यात वाट चुकलेल्या माणसाला एक धिप्पाड म्हातारा भेटतो. कपाळाच्या जखमेसाठी थोडं तेल मागतो, वाट दाखवतो आणि दिसेनासा होतो. मणी काढून घेतला ती जखम कधी भरतच नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्णाचा शाप 3,000 वर्षांचाच आहे. पण आपल्या लोकांनी मुदत मोजली नाही, त्याला कायमचाच डोंगरावर ठेवून घेतला.

मी धुळ्यात शाळेत भूगोल शिकवतो. ‘सातपुड्यातील उंच शिखर : अस्तंभा, 1,325 मीटर’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पुस्तकात अस्तंभा, आमच्या तोंडात अस्तंबा. धडगाव तालुक्यात, म्हणजे जुन्या अक्राणीत, हे शिखर आहे. धनत्रयोदशीला तळोद्याहून तिकडे पायी यात्रा निघते. नंदुरबार-धुळ्याचे लोक असतात, गुजरात आणि मध्य प्रदेशातून येतात, आणि डोंगरातल्या आदिवासींचा तर तो घरचाच देव. जत्था करून जायचं, रात्रीचं चालायचं, दिवाळीला घरी परतायचं.

भाचा म्हणाला, “हा तर लाँग डिस्टन्स हाइक झाला!”

म्हटलं, “झाला बाबा.”

या पोराचं चालणं सगळं पडद्यावरून आलेलं आहे. कॉलेजात असताना त्याने ‘ये जवानी है दीवानी’ पाहिला आणि मित्रांना घेऊन मनालीचा ट्रेक बुक केला. तिथे गेल्यावर कळलं, की सिनेमात मनाली म्हणून दाखवलेला बर्फ बराचसा काश्मीरमधल्या गुलमर्गचा. मग ओटीटीवर ‘वाइल्ड’ पाहिला. त्यातली बाई मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणाऱ्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर एकटी चालते. ट्रेल 4,200 किलोमीटरच्या वर. तो चित्रपट 2014च्या डिसेंबरात आला. त्या वर्षी लांब चालण्याचे परवाने 2,655 गेले होते, पुढच्या वर्षी 4,453. लोंढा इतका वाढला, की सीमेवरून दिवसाला 50 जणांनाच निघू देण्याचा नियम झाला. हे आकडे मला भाच्याने हातोडा पुलावर तोंडपाठ सांगितले. खाली तापीचं पाणी, मागे नंदुरबारकडच्या मिरचीचा ठसका अजून नाकात, आणि हा कॅलिफोर्नियात.

29 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दुपारी आम्ही तळोद्यात उतरलो. मी नेहमीचा पिठू आणलेला. त्यात कळण्याच्या भाकरी, ठेचा, चादर, बॅटरी. भाच्याची सॅक त्याच्या डोक्याच्या वर जाणारी. ताईने धुळ्याहून निघताना त्याच्या हातात आणखी एक छोटी बाटली दिली होती, खोबरेल तेलाची. ती त्याने बाजूच्या जाळीत खोचली. ताई काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

आमच्या जत्थ्यात दोंडाईच्याकडचे एक आप्पा होते. सत्तरीचे, पायात प्लास्टिकचे बूट, खांद्यावर शबनम. विसाव्या-बाविसाव्या वेळी निघालेले. सोबत काही पोरं होती. त्यातल्या तिघांच्या टी-शर्टवर पट्ट्यांमधला अमिताभ. “अश्वत्थामा की जय” म्हणताना त्यांचा आवाज सिनेमातल्या ट्रेलरसारखा निघत होता. मी मनातल्या मनात नाक मुरडत होतो, हे कबूल करतो.

कोठार मागे पडलं, अंधार झाला. तेरस म्हणजे चंद्र पहाटे उगवणार, तोही कोरभर. रेंज गेली तसे पोरांचे मोबाइल फक्त बॅटरीच्या कामाचे उरले. पुढच्या वळणावर मान वर केली की डोंगराच्या अंगावर उजेडाची माळ सरकताना दिसायची, आणि त्यातला एखादा ठिपका मध्येच थांबला की समजावं, कुणाचा तरी दम गेला. पाड्यावरच्या बायका वाटेत काकडी आणि सीताफळं घेऊन बसल्या होत्या. सातपुड्याचं सीताफळ हातात फुटतं. आतला गर खाताना बिया थुंकायला अंधारासारखी सोय नाही.

चहाच्या टपरीवर भाच्याने आप्पांना ‘वाइल्ड’ची गोष्ट सांगितली. आप्पा नीट ऐकून घेत होते.

“चार हजार किलोमीटर?” ते म्हणाले. “आनि जेवन कोन देस रे बाप्पा?”

“स्वतःच आधी पोस्टाने पाठवून ठेवतात. वाटेतल्या गावांत पार्सल घ्यायचं.”

“पोस्टमा भाकर येस?”

टपरीवाल्यासकट सगळे हसले. भाचाही हसला, पण त्याने हार मानली नाही. स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवरचा ‘द वे’ सांगितला. त्यात मुलगा वाटेत मरतो आणि बाप त्याची रक्षा घेऊन पुढे चालतो. ते ऐकताना आप्पांनी कप खाली ठेवला. थोड्या वेळाने विचारलं, “पोचना का तो बाप?”

“पोचला.”

“मंग बरं.”

तिकडे शेवटचे 100 किलोमीटर चाललं की चर्चकडून प्रमाणपत्र मिळतं, हे मात्र आप्पांना पटलं नाही. मलाही गंमत वाटली. आमच्याकडून मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते, महिन्याच्या वर चालते. चैत्रात खान्देशातली गावंच्या गावं सप्तशृंगीला पायी जातात, कारण देवीचं माहेर खान्देश. आजवर कुणी कागद मागितलेला ऐकला नाही. लांब चालणं आमच्याकडे होतंच, फक्त त्याला हाइक म्हणायचं सुचलं नव्हतं.

मुक्काम संपवून दुसऱ्या दिवशी निघालो आणि घोळ झाला. भाच्याच्या बुटाचा तळवा पुढून सुटला. दर पावलाला बेडकासारखा आ वासायचा. तासाभरात दुसऱ्याही पायाने तेच केलं. महागाचे बूट, मनालीनंतर तीन वर्षं कपाटात जपून ठेवलेले. जपले म्हणूनच गेले. या बुटांच्या तळव्यात मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली ओल त्यात मुरत राहते आणि तो आतल्या आत कुजतो, वापरा किंवा न वापरा. वर चामडं नव्यासारखं, आत भुसा. बोटाने दाबलं तर शिळ्या ढोकळ्यासारखा चुरा पडत होता.

भाचा दगडावर बसून त्या बुटांकडे बघत राहिला. मी म्हटलं, “तुझ्या त्या सिनेमातल्या बाईचाही बूट जातो ना?”

“दरीत पडतो,” तो म्हणाला. “मग ती दुसरा पण फेकून देते. आणि सँडलला टेप गुंडाळून चालते.”

“मग तू फेकणार?”

“मामा, आठ हजारांचे आहेत.”

आप्पांनी शबनममधून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या काढल्या. बोटभर रुंदीच्या, कापून गुंडाळी केलेल्या. बूट मांडीवर घेतला, तळवा जागेवर दाबला, पट्टी बोटांच्या मागून सुरू करून ताणत ताणत तीन वेढे दिले, आणि गाठ न मारता टोक आधीच्या वेढ्याखाली सारलं. गाठ टोचते, म्हणाले. दुसरी पट्टी टाचेतून घोट्यापर्यंत आठाच्या आकड्यात. रबर दगडावर घसरतही नव्हतं.

“आते चाल. घर लगून टिकी जाई.”

टिकलं. चपला-बुटांवर आजवर जेवढे पैसे घातले, ते सगळे मला त्या पाच मिनिटांत आठवले.

असलीच्या पुढे चढ वाढला तशी टी-शर्टवाली तिघं मागे पडायला लागली. त्यातला एक बसला तो उठेना. मी भाच्याला म्हटलं, “बघ, सिनेमा पाहून आले की असं होतं. पडद्यावर पायाचा फोड एका शॉटपुरता असतो.” वाक्य चांगलं जमलं म्हणून मी खूशही झालो.

मग आपोआप गप्प झालो, कारण मला 1990 आठवलं. तेव्हा मी आठवीत. दूरदर्शनवरचं ‘महाभारत’ त्या जूनमध्ये संपलेलं. प्रदीप रावतचा अश्वत्थामा डोक्यात बसलेला. हाच माणूस पुढे ‘गजनी’त खलनायक झाला, पण आमच्यासाठी तो कपाळातून रक्त गळणारा द्रोणपुत्रच. त्या दिवाळीला गल्लीतली आम्ही चार पोरं घरच्यांच्या मागे लागून एका जत्थ्याबरोबर निघालो. जत्थ्यातले एक नाना आमच्याकडे बघून दुसऱ्याला म्हणाले होते, टीव्ही पाहून आलीयेत, डोंगर पाहून परत जातील.

दोघं परत गेली. त्यातला एक मी. माथा मी पहिल्यांदा पाहिला तो तीन वर्षांनी.

हे मी भाच्याला त्याच चढावर सांगितलं. घरात आजवर सगळ्यांचा समज होता, की मामा आठवीत अस्तंबा चढला. तो इतका हसला, की बसलेला टी-शर्टवाला पोरगाही काय झालं म्हणून उठून आला. आला तो आमच्याबरोबरच चालत राहिला. त्याचे दोघे मित्र नंतर कुठे गेले, कळलं नाही.

नकट्यादेव, जुना अस्तंबा. शेवटचा टप्पा रात्रीचा. त्याचं वर्णन करण्यासारखं फार नाही, कारण दिसत काहीच नव्हतं. समोरच्याची टाच, बॅटरीचा गोल, हाताला लागणारं कोरडं गवत, आणि दर थोड्या वेळाने भाच्याचा प्रश्न, “अजून किती?” त्याला वरून उतरणाऱ्यांचं एकच उत्तर, “हे काय, आलंच.” ते आलंच अडीच तास चाललं.

नरक चतुर्दशीच्या पहाटे वर पोचलो. घरोघरी अभ्यंगस्नान चाललं असेल ती वेळ. वाऱ्याने कान बधिर झालेले. ध्वज फडफडतोय, शेंदूर, नारळाची शकलं, आणि तेल. माणसं आपापली बाटली उघडून वाहत होती आणि पायाखालचा दगड चकाकत होता. कुणाला फोटोची घाई, कुणी नुसतंच बसलेलं. पूर्वेला उजेड फुटला तशा सातपुड्याच्या रांगा एकामागून एक करड्या होत वर आल्या.

मी भाच्याला म्हटलं, “काढ बाटली.”

“कुठली?”

“आईने दिलेली. तेलाची.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “ती? ती मी काल मुक्कामाला गुडघ्यांना लावली. पिंढऱ्यांना पण. मला वाटलं अभ्यंगाचं तेल दिलंय.”

बाटली काढून उलटी केली. एक थेंब बुडाशी होता, तो काही खाली यायला तयार नव्हता. ज्याला जखमेसाठी तेल मागत फिरावं लागतं, त्याच्या वाटणीचं तेल आमच्या भाच्याच्या गुडघ्यांत जिरलं होतं. मला काय बोलावं सुचेना. माझ्याकडेही नव्हतं. ताईने दिलंय म्हणून मी आणलंच नाही.

आप्पा मागे उभे होते. त्यांनी आपल्या बाटलीचं टोपण काढलं, त्यात तेल ओतलं आणि टोपण भाच्यापुढे धरलं.

“ले. इतलं पुरस त्याले.”

भाच्याने दोन्ही हातांनी टोपण धरलं. वाऱ्याने सांडू नये म्हणून अंगाआड घेत पुढे गेला. खिशातला मोबाइल त्या वेळी त्याने काढला नाही. पट्ट्या बांधलेल्या बुटांनी वाकला, टोपण रिकामं केलं, आणि परत आणून आप्पांना देताना त्यांच्या पाया पडला.

उतरताना बरेच जण गावातून पिकअप धरून चांदसैली घाटाने जात होते. भाचा तिकडे बघायला लागला होता, पण आप्पा चालत निघाले म्हणून आम्हीही निघालो. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2025 मध्ये, यात्रेहून परतणारी एक पिकअप त्या घाटात कोसळली, माणसं गेली. बातमी वाचली तेव्हा त्या गाड्यांच्या टपावर बसून हात हलवणारी पोरं डोळ्यांपुढे आली. त्यातल्या कुणाच्या अंगावर अमिताभ होता, कुणाच्या नव्हता.

तळोद्यात वाजतगाजत स्वागत चाललं होतं. टी-शर्टवाल्या पोराला त्याचे दोघे मित्र तिथे भेटले, वडापाव खात बसलेले. आप्पांनी दोंडाईच्याची गाडी धरली. ट्यूबच्या पट्ट्या परत द्यायला गेलो तर म्हणाले, राहू दे, पोराला घरापर्यंत जायचंय अजून.

धुळ्याला पोचलो तेव्हा अंगणात ताई रांगोळीत रंग भरत होती. आधी तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तेल वाहिलंस ना रे?”

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी पिठूचा बंद सोडायला घेतला.

“वाहिलं,” तो म्हणाला.