आदूच्या वहीतले चार रकाने : माझा अनुभव

माझ्या मुलाच्या, आदूच्या थेरपीवर आम्ही पैसा आणि वेळ दोन्ही भरपूर घातलं, पण सगळ्यात उपयोगी पडली ती एक दोनशे पानी वही. नुकतंच ऑटिझमचं निदान झालेल्या मुलांचे आईबाबा भेटले की विचारतात, "सुरुवात कुठून करायची?" मी त्यांना आधी वहीबद्दल सांगते. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही कोल्हापूरचे. आदू दोन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर बघायचा नाही, बोट दाखवून काही मागायचा नाही. येत होते ते चार शब्दही हळूहळू गेले. सासूबाई म्हणायच्या, "याचा बाबाही उशिराच बोलला." आधी कानांची बेरा चाचणी झाली, ऐकू व्यवस्थित येत होतं. मग विकासतज्ज्ञ बालरोग डॉक्टरांनी त्याच्याशी खेळून, आम्हाला खोदून खोदून विचारून निदान सांगितलं : ऑटिझम, स्वमग्नता. हे तुमच्या वाढवण्यात काही कमी पडलं म्हणून झालेलं नाही, असं त्यांनी पहिल्याच भेटीत माझ्याकडे बघून सांगितलं. त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. ऑटिझम 'बरा करणारं' औषध नाही, शिकवणं हाच मार्ग, हेही सांगितलं. कुणी स्टेम सेलचा उपाय सुचवला तर पैसे घालवू नका, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो ऑटिझमसाठी मान्य उपचार नाही, असंही बजावलं. नातेवाइकांतून खरंच तो सल्ला आला, तेव्हा हे आधी कानावर पडलेलं असल्याचा फार उपयोग झाला.

पहिलं थेरपी सेंटर आम्ही लवकरच सोडलं. तिथे पालकांना आत बसू देत नसत. काचेतून दिसायचं ते एवढंच : आदूला खुर्चीत दाबून बसवलेलं, "हात खाली, माझ्याकडे बघ," असं सारखं चाललेलं. आनंद झाला की तो दोन्ही हात पंखासारखे हलवतो. तेही तिथे बंद करायचं होतं. घरी आल्यावर तो तासभर पलंगाखाली जाऊन बसायचा. मुलाला आनंद दाखवण्याचीही चोरी, अशी थेरपी मला नको होती.

या पद्धतीचा इतिहास मी नंतर वाचला. वर्तनाच्या शास्त्रावर आधारलेली ही शिकवण, म्हणजे एबीए (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस), जगभर गाजली ती कॅलिफोर्नियातल्या इवार लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासामुळे. त्यांनी 19 लहान मुलांना आठवड्याला 40 हून अधिक तास एकेकटं शिकवलं आणि त्यातली 9 मुलं सर्वसाधारण शाळेत, वयाला साजेशा बुद्ध्यंकापर्यंत पोचल्याचं मांडलं. पण त्या काळात मुलांवर ओरडणं, मांडीवर चापटी मारणं हेही पद्धतीचा भाग होतं. आज मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक सांगतात की त्यांना 'नॉर्मल' दिसायला शिकवलं गेलं आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांचं म्हणणं प्रत्येक आईबाबांनी ऐकायला हवं असं मला मनापासून वाटतं. मुलाला काय शिकवायचं आणि कोणासाठी शिकवायचं, हे ठरवताना ते आवाज मला आजही मदत करतात.

दुसऱ्या ठिकाणी ज्या स्पेशल एज्युकेटर मॅडम भेटल्या, त्यांनी पहिल्या दिवशी आदूला काहीच शिकवलं नाही. त्या त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या, तो बाटलीचं झाकण फिरवत होता तसं स्वतःही फिरवत राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "वहिनी, एक वही घ्या आणि चार रकाने आखा. वेळ, आधी काय घडलं, आदूने काय केलं, नंतर काय घडलं."

त्या वेळी आमच्या घरातली सगळ्यात मोठी काळजी होती त्याचं डोकं आपटणं. फरशीवर, भिंतीवर, कधी पलंगाच्या कडेवर. कपाळावरचं टेंगूळ कधी पूर्ण उतरायचंच नाही. वही सुरू करण्याआधी मॅडमनी डॉक्टरांकडून कान, दात आणि पोट तपासून आणायला लावलं. ज्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही, ते मूल दुखण्यामुळेही डोकं आपटू शकतं. आदूला बद्धकोष्ठ होतं. त्यावर औषध सुरू झालं आणि पहाटेचं रडणं तिथेच कमी झालं.

वहीचा एक नियम होता : डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. 'हट्ट केला', 'चिडला' असं चालणार नाही. काही नोंदी अशा होत्या :

संध्याकाळी सव्वासहा. आधी : मोरीतला नळ मी बंद केला. आदू : हात चावला, डोकं फरशीवर आपटलं. नंतर : बाबांनी उचललं, मोबाईल दिला, गप्प झाला.

रात्री साडेआठ. आधी : वरणभात पुढे केला. आदू : ताट ढकललं, किंचाळला. नंतर : ताट उचललं.

दुपारी एक. आधी : मी ओट्याशी, पाठमोरी. आदू : किंचाळला, भिंतीवर डोकं. नंतर : मी पोळी टाकून धावत गेले.

पानं भरत गेली तशी आम्हाला दिसायला लागलं की किंचाळणं एकच असलं तरी मागणी वेगवेगळी आहे. नळ बंद झाला तेव्हा त्याला पाणी हवं होतं. ताटापासून सुटका हवी होती. दुपारी मी हवी होते. शब्द नव्हते, म्हणून जे हमखास चालायचं ते तो वापरत होता. आणि डोकं आपटलं की मोबाईल मिळतो, हे चौथ्या रकान्यात आमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली हेच दाखवून दिलं होतं. मूल ज्या कारणासाठी ते वर्तन करतं, नेमकं तेच मागण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवला, तर वर्तन कमी होतं. कारण चुकीचं ओळखून भलतंच मागायला शिकवलं, तर होत नाही. म्हणूनच आधी वही आणि मग शिकवणं.

आदूसाठी तो सोपा मार्ग ठरला चित्रांची कार्डं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात ही पद्धत तयार केली. 'पेक्स' म्हणून ती ओळखली जाते. पहिल्या टप्प्याला दोन माणसं लागतात. मी समोर चुरमुऱ्यांची वाटी घेऊन बसायचे, सासूबाई आदूच्या मागे. मध्ये चुरमुऱ्यांचं एक कार्ड. आदूने वाटीकडे हात नेला की सासूबाई मागून त्याचा हात हलकेच कार्डावर न्यायच्या, ते उचलून माझ्या तळहातावर ठेवायला लावायच्या. कार्ड हातात पडताक्षणी मी म्हणायचे, "चुरमुरे!" आणि चार दाणे द्यायचे. 'काय पाहिजे रे?' असं विचारायचं नाही, कारण मग तो प्रश्नाची वाट बघत बसतो आणि स्वतःहून मागत नाही. मागच्या माणसाने तर तोंडच उघडायचं नाही. सासूबाईंना गप्प बसणं फार जड गेलं, पण त्यांच्याइतक्या नेमकेपणाने मदतीचा हात मागे घ्यायला घरात कुणालाच जमलं नाही. आधी मनगट धरून, मग नुसता कोपराला स्पर्श, मग काहीच नाही.

"चित्रं हातात दिलीत, आता बोलायचा राहिलाच," असं बरेच जण म्हणाले. मॅडमचं उत्तर ठाम होतं : कार्डांमुळे बोलणं अडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, काही मुलं उलट त्यानंतर बोलू लागतात. मला तेव्हा त्याचं बोलणं हवंच होतं, पण त्याहून आधी त्याचं कपाळ वाचायला हवं होतं.

नळाचं कार्ड झालं, 'नको'चं कार्ड झालं, माझा फोटो असलेलं 'आई' कार्ड झालं. 'नको' सगळ्यात महत्त्वाचं. ताट समोर आल्यावर त्याने ते कार्ड दिलं की आम्ही ताट लगेच उचलायचो, मग ताटात एवढा छान शिजलेला भात का असेना. त्याचा नकार मानला जातो, हे त्याला पटणं गरजेचं होतं. थोडं खायला लावण्याचं काम आम्ही पुढे वेगळं केलं.

यातला सगळ्यात कठीण भाग होता मोबाईल न देण्याचा. मॅडमनी आधीच सावध केलं होतं की नेहमीचा उपाय चालेनासा झाला की मूल तो आधी दुप्पट जोराने करून बघतं, आणि त्या वेळी घरातलं एक जरी माणूस वितळलं, तर पुढची खेप आणखी अवघड होते. तसंच झालं. पण डोकं आपटणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करून बसायचं असाही याचा अर्थ नव्हता. आम्ही डोक्याखाली उशी सरकवायचो, बोलणं अगदी कमी ठेवायचो, आणि कार्ड त्याच्या हाताजवळ धरायचो. हात कार्डाला लागला की नळ चालू. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून दारावर टकटक झाली नाही. पुढे वहीतल्या नोंदी विरळ होत गेल्या. पूर्ण थांबल्या असं म्हणणार नाही. पाहुणे आले, झोप मोडली की आजही एखादी नोंद पडते.

एका रविवारी रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी आदू माझा हात सोडून पुढे गेला. कमरेच्या पाऊचमधून त्याने कार्ड काढलं आणि भेळवाल्या मामांच्या हातात दिलं. मामांनी ते उलटसुलट करून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कागदाच्या पुडीत कोरडे चुरमुरे घालून त्याला दिले. पैसे घेतले नाहीत. घराबाहेर, अनोळखी माणसाकडे, कुणी न सुचवता. मी तिथे कठड्यावर बसून मनसोक्त रडले.

कपडे घालणं आम्ही उलट्या क्रमाने, शेवटाकडून शिकवलं. चड्डी आम्हीच गुडघ्यांच्या वरपर्यंत चढवायची, शेवटचा ओढा फक्त त्याने द्यायचा, आणि लगेच शाबासकी. ते जमलं की गुडघ्यांपासून, मग घोट्यांपासून. काम दर वेळी त्याच्या हातून पुरं होतं, त्यामुळे तो अर्ध्यातून पळत नाही. ज्यांना घरी काही शिकवायला सुरुवात करायची आहे, त्यांना मी हेच सुचवते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयात 40 मुद्द्यांच्या 'इसा' या भारतीय मापनश्रेणीवर तपासणी होते, प्रमाणपत्र मिळतं आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, येतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. खेटे पडतात, पण अर्ज जरूर करा. प्रमाणपत्रामुळे मुलावर शिक्का बसेल, या भीतीने आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी ते टाळलं, आणि शाळेत सवलती मागताना त्यांचे हात रिकामे राहिले.

शाळेतल्या बाईंना मी वहीची काही पानं दाखवली. त्यांनी फळ्याच्या कडेला त्याच्यासाठी 'आधी–मग'ची पट्टी लावली : आधी गोष्ट, मग झोका. त्याआधी एक तास संपून दुसरा सुरू झाला की तो दाराकडे धावायचा. आता पट्टीकडे बघतो. दोन-तीन इतर मुलंही ती बघून जागेवर बसतात, असं बाई म्हणतात. आता त्याचे काही शब्दही आलेत; 'पाणी' आणि 'नको' अगदी स्पष्ट.

सध्या काम चालू आहे केस कापण्यावर. मशीनचा आवाज त्याला सहन होत नाही आणि आजवर झोपेत कात्रीनेच कापत आलोय. गल्लीतल्या सलूनच्या काकांशी बोलले. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा ते आमच्यासाठी शटर अर्धं उघडतात. आधी आदू नुसता खुर्चीवर बसून गोल फिरला, मग अंगावर कापड घेतलं, मग बंद मशीन स्वतःच्या हातात धरून बघितलं. येत्या सोमवारी काका ते लांब, दाराशी धरून चालू करणार आहेत. 'नको'चं कार्ड पाऊचमध्ये असेलच; त्याने ते दिलं तर मशीन लगेच बंद करायचं, एवढं काकांना सांगून ठेवलंय.