ती एक ओळ खोडली

जुना लॅपटॉप कुणाला तरी द्यायचा म्हणून साफ करायला घेतला. होम फोल्डरमध्ये डीआरआयआरसी नावाची लपलेली फाइल दिसली. उघडली तर आत कामाची एकच ओळ: फोर्स_एस३टीसी_एनेबल, पुढे ट्रू. २०१२ साली मीच लिहिलेली. तिच्यापायी दोन संध्याकाळी गेल्या होत्या, म्हणून लगेच ओळखली.

तेव्हा या लॅपटॉपवर लिनक्स आणि रेडिऑन ग्राफिक्स कार्डाचा मुक्त-स्रोत ड्रायव्हर होता. एक गेम सुरू केला तर आवाज येतोय, माणसं हलतायत, पण भिंती काळ्याकुट्ट. टर्मिनलवर मेसाची, म्हणजे लिनक्सवरच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचाची, तक्रार: डीएक्सटीएनची लायब्ररी (ड्रायव्हरला लागणारी तयार कोडची फाइल) सापडली नाही. मी ती सॉफ्टवेअरच्या वेगळ्या भांडारातून आणून टाकली. भिंती काळ्याच. दुसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला, की गेम ३२-बिटचा आहे आणि मी टाकलेली लायब्ररी ६४-बिटची. चूक माझीच, पण मुळात ही लायब्ररी अशी बाहेरून का आणावी लागते, हा प्रश्न मनातून जाईना.

एस३ कंपनीने १९९८ च्या सुमाराला सॅव्हेज ३डी कार्डासोबत एस३टीसी नावाचं टेक्स्चर कॉम्प्रेशन आणलं, म्हणजे गेममधल्या भिंती-जमिनीवर चिकटवायची चित्रं दाबून लहान करायची पद्धत. मायक्रोसॉफ्टने परवाना घेऊन डायरेक्टएक्स ६ या आपल्या ग्राफिक्स प्रणालीत तेच डीएक्सटी नावाने घातलं, आणि बघता बघता सगळे गेम त्यातच टेक्स्चर भरून यायला लागले. माझ्या कार्डालाही ते कळत होतं, उलगडायचं सर्किट चिपमध्येच होतं. अडचण कायद्याची होती, या पद्धतीवर पेटंट होतं. मेसा कुणीही घ्यावा, कुणीही वाटावा असा, त्यामुळे पेटंटचा कोड त्यात ठेवायची सोय नव्हती. मग तेवढा भाग लिबटीएक्ससी_डीएक्सटीएन नावाच्या वेगळ्या लायब्ररीत ठेवला गेला. ती असली तर ड्रायव्हर चालता चालता उघडायचा. नसली, तर आपल्याला एस३टीसी येतं हे गेमला सांगायचाच नाही. माझी ती ओळ म्हणजे त्याला ‘तरीही येतं म्हणून सांग’ असा दम. गेमने आधीच कॉम्प्रेस केलेली टेक्स्चर दिली तर निभायचं, कारण ती जशीच्या तशी कार्डाकडे जायची. साधं चित्र देऊन ‘तूच कॉम्प्रेस कर’ म्हटलं, की पितळ उघडं.

पेटंट नेमकं कशावर होतं ते कळावं म्हणून पुढे मी एक छोटा डीकोडर, म्हणजे ही टेक्स्चर उलगडणारा प्रोग्राम, लिहून बघितला. फार सुंदर युक्ती आहे. चित्राचे ४×४ पिक्सेलचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनासाठी १६-१६ बिटांचे दोनच रंग साठवायचे. त्या दोन टोकांच्या मधले दोन रंग साठवायचेच नाहीत, कार्डाने ते एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश अंतरावर हिशेबाने काढायचे. मग प्रत्येक पिक्सेलला दोन बिट: चारांपैकी कुठला रंग. सोळा पिक्सेल मिळून आठ बाइट. १०२४×१०२४ चं टेक्स्चर एरवी ४ एमबी खातं, ते ५१२ केबीत बसतं.

पेटंट होतं ते या न साठवलेल्या, अनुमानाने काढलेल्या रंगांवर. म्हणूनच २०११ मध्ये एस२टीसी नावाचा पर्याय निघाला, तोही तितकाच हुशार. फॉरमॅट तोच, पण कॉम्प्रेस करताना दोन टोकांचेच रंग वापरायचे, मधल्यांना हातच लावायचा नाही. कार्डाला ते कळतं, चित्र मात्र जरा खरखरीत येतं. अभियंत्यांनी मुद्दाम वाईट काम करायचं, तेही कौशल्याने!

मुख्य अमेरिकन पेटंट २ ऑक्टोबर २०१७ ला संपलं. त्याच महिन्यात तो कोड मेसाच्या मूळ कोडसंचात आला आणि डिसेंबरच्या १७.३ आवृत्तीतून सगळ्यांकडे पोचला. मी नेहमीसारखं अपडेट केलं, मला पत्ताही लागला नाही. वीस वर्षांची अडवणूक अशी चोरपावलांनी गेली याचा आनंद मानावा की चिडावं, कळत नाही. खरं सांगायचं तर मी चिडलेच. ज्या काळात हे मोकळं असायला हवं होतं तो काळ तर गेला.

(उलटी गंमत ईटीसी२ या दुसऱ्या टेक्स्चर कॉम्प्रेशनची. त्याला रॉयल्टी नाही, पण बऱ्याच डेस्कटॉप कार्डांत त्याचं सर्किटच नाही. मग ड्रायव्हर ते आधीच उलगडून कार्डाला देतो आणि मेमरीतली बचत पाण्यात.)

ती ओळ खोडली, फाइलच काढून टाकली आणि तोच गेम लावला. भिंती आल्या, राखाडी दगडाच्या. पण नीट बघितलं तर राखाडीत किंचित हिरवट झाक आहे. लाल आणि निळ्याला पाच-पाच बिट, हिरव्याला सहा, म्हणून १०० चा राखाडी उलगडताना ९९, १०१, ९९ होतो. डीकोडर लिहिला तेव्हा हा आकडा बघून मी आपलंच चुकलं समजून तासभर बग शोधत बसले होते.