चुकलेल्या वजाबाकीतून कृतिसंशोधन

कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातली अडचण सोडवायला केलेलं संशोधन, म्हटलं की शिक्षकाच्या डोळ्यांपुढे स्पायरल बाइंडिंगची फाइल येते. प्रस्तावना, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, परिकल्पना, व्याप्ती आणि मर्यादा. शेवटी ‘विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय वाढ झाली’ हे ठरलेलं वाक्य. ती वाढ मुलांच्या वहीत कुठे दिसते, हे कुणी विचारत नाही. अशा फायलींना कंटाळून चांगले शिक्षक संशोधनापासून लांब राहतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण रोज वह्या तपासणाऱ्या माणसाकडे जी माहिती असते, ती विद्यापीठातल्या संशोधकाला महिनाभर वर्गात बसूनही मिळत नाही. ती फक्त नोंदवली जात नाही, एवढंच.

बहुतेक प्रयत्न विषय निवडतानाच फसतात. ‘इयत्ता चौथीतील विद्यार्थ्यांना गणितात येणाऱ्या अडचणींचा अभ्यास’ हा विषय नव्हे, ती तक्रार झाली. प्रश्न इतका लहान हवा की उत्तर एका पानाच्या तक्त्यात मावेल.

४०२ − १५८ हे एकच उदाहरण घेऊ. बरोबर उत्तर २४४. एखादं मूल ३५६ लिहितं. ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं: ८ तून २, ५ तून ०, ४ तून १. दुसरं मूल ३४४ लिहितं. त्याला हातचा घेणं येतं, पण मधल्या शून्याचे ९ करताना शतकाच्या घरातले ४ तसेच राहतात. तपासताना दोघांनाही फुलीच मिळते. पण पहिल्याला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच उमगलेलं नाही, तर दुसऱ्याची फक्त एक पायरी निसटते. एकच उपाय दोघांना लावला तर एकाचा वेळ नक्की वाया जाणार.

यासाठी १६ उदाहरणांची चाचणी पुरते. बिनहातच्याची ४, फक्त एककात हातचा लागणारी ४, एकक-दशक दोन्हींत लागणारी ४ आणि मध्ये शून्य असलेली ४. प्रत्येक प्रकारची चार अशासाठी, की एक चूक घाईतही होते. चारपैकी तीनदा तीच चूक झाली तर ती सवय. तक्त्यात बरोबर-चूक न मांडता मुलाने लिहिलेला आकडाच जसाच्या तसा उतरवा. ३५६ छापाच्या चुका एका रंगात, ३४४ छापाच्या दुसऱ्या रंगात. मग अशा प्रत्येक मुलाला तीन-चार मिनिटं जवळ बसवून ‘कसं केलंस ते बोलत बोलत करून दाखव’ म्हणायचं. इथे आपली जीभ आवरणं सगळ्यात अवघड. मूल चुकलं की सांगायची सवय हाडीमाशी खिळलेली असते, आणि मध्ये बोललो की त्याचा विचार पुन्हा हाती लागत नाही.

उपाय सुरू करण्याआधी ही चाचणी आठवड्याच्या अंतराने दोनदा घ्या. दुसऱ्या वेळी आकडे बदला, प्रकार तेच ठेवा. ही पायरी जवळजवळ सगळ्याच फायलींत गाळलेली असते. एका चाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेली सहा मुलं निवडली, तर काहीही न करता पुढच्या वेळी त्यांतली काही वर येतात. कुणाला त्या दिवशी ताप असतो, कुणी रात्री जागलेला असतो. ती आपोआप झालेली वाढ आपण उपायाच्या खात्यावर जमा करतो. दोन्ही वेळा तीच चूक करणारी मुलंच खरी आपली. आणि चाचण्या एकाच वेळेला घ्या. एक सोमवारी पहिल्या तासाला आणि दुसरी खिचडीनंतर किंवा शनिवारच्या सकाळच्या शाळेत घेतली, तर तुलना झाली असं म्हणता येत नाही.

३४४ छापाच्या चुकीवर उपाय साधा आहे: खेळातल्या १००, १० आणि १ रुपयाच्या नोटा, रोज २० मिनिटं, तीन आठवडे. ४०२ रुपयांतून १५८ द्यायचे तर आधी शंभराची एक मोडून दहाच्या दहा घ्याव्या लागतात, मग त्यांतली एक मोडून सुटे. ३४४ लिहिणाऱ्याला शंभराची एक नोट हातातून जाताना दिसते. फसतं ते असं: नोटांनी मूल बरोबर करतं आणि वहीत पुन्हा ३४४ लिहितं. म्हणून नोट मोडली की त्याच क्षणी कागदावर ४ खोडून ३ लिहायचे. नंतर लिहू म्हटलं की दोन्ही गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या राहतात.

परिकल्पना, म्हणजे उपायाने काय घडेल याचा अंदाज, आधी आणि हरण्याची सोय ठेवून लिहा. ‘ही चूक करणाऱ्या ९ मुलांपैकी किमान ६ जण तीन आठवड्यांनी शून्याच्या चारपैकी तीन उदाहरणं बरोबर सोडवतील.’ पाचच निघाली तर पाच लिहायचं.

टक्के मात्र टाळा. २६ मुलांच्या वर्गात ७७ वरून ८५ टक्के ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात २० ची २२ मुलं झालेली असतात.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात वेळापत्रकही जपावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पावसाने हजेरी तुटते. मग गणपती, सत्र परीक्षा, दिवाळी. डिसेंबर सरला की स्नेहसंमेलनाची तयारी आणि शिष्यवृत्तीचे जादा तास. त्यामुळे दिवाळीनंतर शाळा भरल्यापासून नाताळापर्यंतचे आठवडे सगळ्यात मोकळे. पण ऊसपट्ट्यात तोच गळीत हंगाम असतो. तोडणी मजुरांची मुलं मध्येच येतात, फड हलला की जातात. त्यांना शिकवायचंच, पण तुलनेत फक्त सगळ्या चाचण्या दिलेली मुलं धरायची आणि बाकीच्यांचा आकडा वेगळा द्यायचा.

केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एखादा जोडीदार मिळाला तर काम निम्मं सोपं होतं. दोघांनी चाचण्या एकाच दिवशी घ्यायच्या. एकाने उपाय लगेच सुरू करायचा, दुसऱ्याने तीन आठवड्यांनी. पहिल्या तीन आठवड्यांत दुसऱ्याच्या वर्गात काय होतं, ते आपलं मोजमाप. कुठलंही मूल उपायाला मुकत नाही. द्विशिक्षकी शाळेत ऑफ तास नसतो, तिथे सहा मुलंच घ्या. आणि केंद्रप्रमुखांना एक आग्रहाचं सांगणं: ‘प्रत्येकाने एक कृतिसंशोधन’ असा फतवा काढला की चाळीस फायली येतात आणि त्यांतल्या बऱ्याच एकमेकींच्या मावसबहिणी असतात. राजीखुशीने चार शिक्षक एकाच प्रश्नावर बसले तर जास्त हाती लागेल.

गणित नको असेल तर स्वतःचा तास मोजा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत दाखवलं. मोबाइलवर १५ मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा, प्रश्नामागची शांतता आणि उत्तरातले शब्द मोजा. पहिलं मुद्रण बाजूला ठेवा. मोबाइल चालू आहे हे ठाऊक असलं की मुलं आणि आपण दोघंही शहाण्यासारखं वागतो.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमती आणि नावांऐवजी खुणेचे आकडे हे आधीच उरका. हजेरी क्रमांक खूण म्हणून वापरू नका, तो सगळ्या वर्गाला पाठ असतो.

आधीचं वाचायला शोधगंगा या संकेतस्थळावर शिवाजी विद्यापीठातले प्रबंध फुकट मिळतात. त्यांतला चाचणीचा भाग आणि परिशिष्टं पाहा, प्रस्तावना सोडली तरी चालेल.

शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि पुढे ते देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. खेड्यातली शाळा अभ्यासण्याजोगी असते, हे निदान या जिल्ह्यात तरी नव्याने पटवावं लागू नये.

लिहिताना सहा ते आठ पानं पुरे. चाचणीचा कागद, आकड्यांचा तक्ता आणि रोज दोन ओळींची नोंद मात्र जोडायचीच. ज्या मुलांना उपाय लागू पडला नाही, त्यांची उत्तरं शेवटच्या पानावर जशीच्या तशी द्या. पुढच्या शिक्षण परिषदेत चर्चा बहुधा त्याच पानावर रंगते.